कागदाचा दिवस

२२ जुलै २०२१ रोजी, गुरुवारी रात्री, सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातही वाड्याच्या वाड्या मातीखाली गेल्या. त्या दुःखापुढे आमचे नुकसान सांगायचेही जिवावर येते. तळमजल्यावरच्या लाकडी कपाटाच्या खालच्या दोन खणांत मी तीस वर्षे जमवलेल्या मोडी कागदांच्या नकला, टिपणे आणि काही मूळ कागद होते. त्यांचा लगदा झाला. पाणी ओसरल्यावर चार दिवसांनी मी माणगावला भाच्याकडे गेलो आणि त्याच्या संगणकावर नुकसानीचा अर्ज टंकला. पहिले वाक्य असे होते : ‘गेल्या गुरुवारी रात्री आलेल्या पुरात माझ्या घरातील पुढील वस्तूंचे नुकसान झाले आहे.’ वर उजव्या कोपऱ्यात तारीख होती. ती मी अक्षर-अक्षर टंकली नव्हती. संगणकाने ‘आजची तारीख घालू का?’ अशा अर्थाचे काही विचारले आणि मी होकार दिला. अर्ज छापला, सही केली, दिला. घाईत पोच घ्यायची राहिली.

पावणेदोन वर्षांनी त्या अर्जाची प्रत हवी झाली. १४ मार्च २०२३ रोजी ती फाइल उघडली, तर उजव्या कोपऱ्यात ‘१४ मार्च २०२३’ आणि खाली ‘गेल्या गुरुवारी रात्री आलेल्या पुरात’! ऐन मार्च महिन्यात, सावित्रीच्या पात्रात गोटे दिसत असताना महाडात पूर! भाचा पोट धरून हसला. मलाही हसू आले, पण ते फार वेळ टिकले नाही. एखाद्या पत्राची तिथी शकाच्या कोणत्या वर्षात बसते यावर मी आयुष्यभर लोकांशी वाद घातले, आणि माझ्या स्वतःच्या कागदाची तारीख माझ्या हातून निसटली होती. दोष कोणाचा म्हणावा तर माझाच. पण या निमित्ताने एक प्रश्न मागे लागला : कागदाचा दिवस म्हणजे नेमका कोणता दिवस? आमच्या महाड-पोलादपूरच्या मुलुखात या प्रश्नाचा इतिहास जुना आहे, आणि एकदा तर त्याच्यावर फार मोठी गोष्ट अवलंबून होती.

स्थिर तारीख आणि चालती तारीख

आधी संगणकाचे समजून घेऊ. संगणकावर लिहिलेल्या मजकुरात तारीख दोन प्रकारे घालता येते. एक म्हणजे साधी अक्षरे. ती घातली तशीच राहतात. दुसरी म्हणजे आज्ञा. तिथे कागदावर तारीख नसतेच; ‘या जागी आज जो दिवस असेल तो दाखव’ एवढी सूचना लपलेली असते. मजकूर उघडला किंवा छापला की संगणक आपल्या घड्याळाकडे पाहतो आणि ती जागा नव्याने भरतो. हा भेद आजचा नाही. १९८९ साली आलेल्या वर्डपरफेक्ट ५.१ मध्ये तारखेची कळ दाबली की ‘तारखेची अक्षरे’ आणि ‘तारखेची खूण’ असे दोन वेगळे पर्याय समोर येत. म्हणजे फरक सांगितलेला होता. वाचणाऱ्याने तो वाचायचा होता.

वर्डमध्ये अशा लपलेल्या सूचनेला ‘फील्ड’ म्हणतात. तारीख घालण्याच्या चौकटीत ‘आपोआप अद्ययावत करा’ अशा अर्थाची एक छोटी चौकोनी खूण असते. ती केली की तारीख चालती होते. ऑल्ट-शिफ्ट-डी ही कळ दाबली तरी चालतीच तारीख येते. तिच्यावर क्लिक केले की मागे करडी छटा दिसते. तेवढाच काय तो सुगावा. तारखेच्या या सूचना एकाच जातीच्या नाहीत, हे मला पुढे कळले. ‘डेट’ म्हणजे आजचा दिवस. ‘क्रिएटडेट’ म्हणजे मजकूर प्रथम तयार झाला तो दिवस. ‘सेव्हडेट’ म्हणजे शेवटचा जतन केला तो दिवस. ‘प्रिंटडेट’ म्हणजे शेवटचा छापला तो दिवस. एकाच पत्राला चार दिवस! मी पहिला निवडला होता, आणि चौघांत आठवण नसलेला तेवढा तोच.

चालती तारीख वाईट नाही. रोज तोच मजकूर वेगवेगळ्या लोकांना पाठवणाऱ्या कचेरीला, दुकानाला, शाळेला ती सोयीची आहे. नमुना एकदा बनवायचा आणि प्रत्येक पत्रावर त्या त्या दिवसाची तारीख आपोआप यायची. घोटाळा होतो तो नमुना आणि पत्र यांतली रेघ पुसली गेली की. नमुन्याला दिवस नसतो, पत्राला असतो. पत्र एकदा लिहून झाले की ते कोणत्या तरी दिवशी कोणीतरी कोणाला तरी काहीतरी सांगितल्याची साक्ष होते. ‘काल’, ‘परवा’, ‘येत्या सोमवारी’, ‘गेल्या गुरुवारी’ हे सगळे शब्द त्या कोपऱ्यातल्या तारखेला बांधलेले असतात. खुंटी हलली की सगळी गुरे सुटतात.

चिटणीसांची शिस्त

जुने कारकून या बाबतीत आपल्यापेक्षा सावध होते. मोडी पत्रे वाचायला शिकणाऱ्याला अक्षरांपेक्षा तारखा जास्त छळतात. पेशवाईतल्या पत्राच्या अखेरीस ‘छ’ हे अक्षर, पुढे आकडा आणि त्यापुढे रजब, साबान, जिल्काद असा मुसलमानी चांद्र महिना असतो. वर्ष सुहूर सनाचे, तेही आकड्यांत नव्हे, अरबी शब्दांत. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे १०७५. हा सन मृग नक्षत्रावर बदलतो. म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. त्यात मृगापासून डिसेंबर अखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतो. १०७५ मध्ये ५९९ मिळवा : १६७४. रायगडावर राज्याभिषेक झाला ते वर्ष.

महिना चांद्र, वर्ष सौर, नावे अरबी आणि सुरुवात कोकणातल्या पहिल्या पावसाला! ऐकायला खिचडी वाटते. पण शेतसारा घेणाऱ्या राज्याला पेरणीशी जुळलेले वर्षच उपयोगी, आणि महिन्यांची जुनी रीत दफ्तरांत रुळलेली. शब्दांत लिहिण्याचा एक फायदाही होता. आकड्यात एक रेघ वाढवून सातचा नऊ करता येईल. ‘सबा’चा ‘तिसा’ करणे तितके सोपे नाही. आज धनादेशावर रक्कम अक्षरी लिहितो, त्यामागेही हाच विचार आहे.

याहून मोलाची गोष्ट पत्राच्या पाठीवर असे. पत्र हाती आले की घेणारा कारकून त्यावर ‘पावली’ अशी नोंद करून पोचल्याचा दिवस लिही. म्हणजे एकाच कागदावर लिहिल्याचा दिवस आणि पोचल्याचा दिवस वेगळे टिकत. १७९६ साली नाना फडणवीस पुण्याहून बाजूला होऊन महाडात येऊन राहिले होते. पेशवाईच्या गादीवर कोण बसणार याचे राजकारण त्या महिन्यांत महाडातून पत्रांच्या बळावर चालले, आणि वर्ष संपता संपता दुसरा बाजीराव पेशवा झाला. अशा वेळी कोणती बातमी कोणाला कोणत्या दिवशी कळली हेच राजकारण असते. घाट उतरून पत्र यायला लागणारे दिवस धरले नाहीत, तर माणसाने न कळलेल्या गोष्टीवर निर्णय घेतला असे आपण लिहून बसतो. ‘क्रिएटडेट’, ‘सेव्हडेट’, ‘प्रिंटडेट’ हे शब्द त्या कारकुनांना ठाऊक नव्हते. भेद मात्र चांगला ठाऊक होता.

नकलांचे वेगळे. मूळ कागद जीर्ण झाला की नक्कल करत, आणि प्रामाणिक नक्कलकार मूळची मिती जशीच्या तशी उतरवून आपली मिती निराळी देई. जो असे करीत नसे त्याने पुढच्या अभ्यासकांची वर्षे खाल्ली. विंडोजमध्ये फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, की नव्या प्रतीचा ‘तयार झाल्याचा’ दिवस उतरवून घेतल्याचा असतो आणि ‘शेवटच्या बदलाचा’ दिवस जुनाच राहतो. मूल जन्मण्याआधी त्याचे शेवटचे जावळ काढले, असे काहीसे ते दिसते. बखरींच्या नकला हाताळलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

रायगडावरची एक पहाट

महाडहून रायगडच्या पायथ्याचे पाचाड फार लांब नाही. तिथे वर जी घटना घडली तिचा दिवस कोणालाही विचारा, ६ जून १६७४ असे उत्तर येईल. दुसरा कोणी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, आनंद संवत्सर असे सांगेल. दोन्ही बरोबर. तरी थोडे खोल पाहू.

जेधे शकावली ही शिवकाळाची फार विश्वासाची नोंदवही. कारीच्या जेधे देशमुखांकडची ही शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिच्यात राज्याभिषेकाची नोंद शुक्रवार, द्वादशी अशी आहे. त्या दिवशी द्वादशी एकवीस घटिका होती आणि तीन घटिका रात्र उरली असताना महाराज सिंहासनावर बसले, असा तिचा आशय. मग त्रयोदशी चूक की द्वादशी? काहीच चूक नाही. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो. शुक्रवारी उजाडताना द्वादशी होती म्हणून त्या दिवसाचे नाव द्वादशी. एकवीस घटिका म्हणजे सुमारे साडेआठ तास; म्हणजे दुपारीच त्रयोदशी लागली. सिंहासनारोहण झाले ते सूर्योदयाआधी तीन घटिका, म्हणजे सुमारे बहात्तर मिनिटे आधी. सूर्य उगवला नव्हता म्हणून वार शुक्रवारच, दिवस द्वादशीचा, चालू तिथी त्रयोदशी. इंग्रजी रीतीने मात्र मध्यरात्र उलटून गेली होती. म्हणून शनिवार, ६ जून.

हा ६ जूनही सरळ नाही. राज्याभिषेकाच्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन गडावर होता. इंग्रज तेव्हा जुने ज्युलियन पंचांग वापरत. पोर्तुगालने मात्र १५८२ मध्येच ग्रेगरियन पंचांग घेतले होते. म्हणजे त्याच पहाटे पोर्तुगीज कारकुनाच्या वहीत तारीख १६ जून पडणार. इंग्रजांनी हे दहा-अकरा दिवसांचे अंतर १७५२ साली मोडले. त्या वर्षी त्यांच्याकडे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला. आपण आज ६ जून पाळतो ती इंग्रजांची जुनी तारीख.

आणि संगणक? वर्डची फाइल आपल्या जन्माची वेळ पोटात जपते ती भारतीय वेळेत नाही, जागतिक प्रमाणवेळेत. आपण तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. त्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास कोणी रायगडावर संगणक उघडून बसला असता, तर फाइलच्या पोटात वेळ पडली असती रात्री सव्वाअकराची, आणि तारीख ५ जूनची! जेधे शकावली जो क्षण आदल्या दिवसाच्या खात्यावर टाकते तो संगणकही आदल्याच दिवशी टाकतो. कारणे मात्र एकमेकांना ओळखतही नाहीत. रात्री उशिरापर्यंत लिहीत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मध्यरात्रीनंतर साडेपाचपर्यंत जे लिहाल ते आतल्या नोंदीत कालचे असते.

महाराजांनी त्या दिवसापासून राज्याभिषेक शक सुरू केला. त्याचे पहिले वर्ष ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला उजाडले. संवत्सराचे नाव चैत्रात बदले आणि या शकाचा आकडा ज्येष्ठात. पत्रे वाचताना ही अडचण सोडवायला आपल्याकडे जंत्र्या झाल्या. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी रॉबर्ट स्युएल यांच्याबरोबर १८९६ साली भारतीय कालगणनेचा ग्रंथ सिद्ध केला. मोडकांची जंत्री आणि खऱ्यांची शिवकालीन शकावली यांची पाने तर आमच्या पिढीने बोटांनी झिजवली. तिथी, वार आणि इसवी तारीख या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळल्या की कागद खरा बोलतो, आणि एक जरी फटकली की पुन्हा पाहावे लागते, हे शहाणपण त्या रकान्यांनी आम्हाला दिले.

पोलादपूरचा कवी

महाडहून महाबळेश्वरच्या घाटाकडे निघाले की वाटेत पोलादपूर लागते. तिथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याचे हे कर्ते. त्यांनी शिवजन्माचा दिवस दिला तो शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया; म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. त्याआधी बखरींच्या आधाराने शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे ६ एप्रिल १६२७ ही तिथी रूढ होती. जेधे शकावलीने पहिल्यांदा धक्का दिला आणि सदाशिव महादेव दिवेकरांनी तंजावरहून शोधून आणलेल्या, १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या शिवभारताने तिला दुजोरा दिला. चरित्रनायकाच्या हयातीत लिहिणाऱ्या कवीचा शब्द आणि पुढच्या काळातल्या बखरीचा शब्द यांत पहिल्याचे वजन जास्त, हा साधा न्याय. तरी वाद संपायला फार वर्षे लागली आणि सरकारी जयंतीची तारीख १९ फेब्रुवारी ठरायला एकविसावे शतक उजाडावे लागले. त्या काळच्या इंग्रजाला ही तारीख दाखवली असती तर त्याने वर्ष १६२९ लिहिले असते, कारण त्यांचे नवे वर्ष २५ मार्चला लागे.

तारीख ठरली तरी तिथीवाले उरलेच. रायगडावर राज्याभिषेकदिन दोनदा होतो : ६ जूनला आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. २०२३ साली त्रयोदशी २ जूनला आली आणि २०२४ साली २० जूनला. इंग्रजी दिनदर्शिकेवरून पाहणाऱ्याला तिथी ही चालती तारीख वाटते, दर वर्षी जागा बदलणारी. पंचांगावरून पाहणाऱ्याला उलटे दिसते : त्रयोदशी जागच्या जागी आहे, ६ जूनच इकडेतिकडे भटकतो. कोण स्थिर आणि कोण चालते हे आपण कोणत्या पट्टीवर उभे आहोत त्यावर ठरते. पण एक भेद राहतोच. दर वर्षी साजरा होणारा दिवस चालला तर बिघडत नाही. घडून गेलेला दिवस मात्र एकदाच घडतो. शके १५९६ ची त्रयोदशी पुन्हा येणार नाही. उत्सवाला चालती तारीख चालते, साक्षीला नाही.

‘अनादि काळापासून’

साक्षीची गोष्ट निघाली की महाडकराला चवदार तळे आठवते. तिथल्या तारखा ओळीने मांडून पाहाव्यात.

४ ऑगस्ट १९२३ : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर. जानेवारी १९२४ : महाड नगरपालिकेचा तळे खुले करण्याचा ठराव. २० मार्च १९२७, रविवार : डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. ४ ऑगस्ट १९२७ : बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. १२ डिसेंबर १९२७ : महाडच्या दिवाणी कोर्टात काही सवर्णांचा दावा. १४ डिसेंबर : तात्पुरता मनाई हुकूम. २५ डिसेंबर : महाडच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन. पुढे १९३१ मध्ये दावा फेटाळला गेला आणि अपिले होत होत १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला.

या खटल्याचा कणा एका शब्दात होता. वादींचे म्हणणे, तळे वापरण्याचा हक्क फक्त सवर्णांचा असून ही वहिवाट अनादि काळापासूनची आहे. ‘अनादि’ या शब्दाला तारीख नसते. म्हणून तो बलवान वाटतो. कोणत्याही दिवशी उच्चारा, तो त्या दिवसाच्या मागे अनंतापर्यंत पसरतो. खरे तर ही सर्वांत जुनी चालती तारीख. १८२७ साली म्हटले तरी अनादि, १९२७ साली म्हटले तरी अनादि. वहिवाट कालची असो की हजार वर्षांची, शब्द तोच. पण कायद्याला असे चालत नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात तर ‘स्मरणापलीकडचा काळ’ यालाही ठरलेली तारीख होती : पहिल्या रिचर्डच्या कारकिर्दीची सुरुवात, सन ११८९. हिंदुस्थानातली न्यायालये त्या वर्षाचा हट्ट धरत नसत. पण वहिवाट पुरातन आहे हे पुराव्याने दाखवा, एवढे मागतच. वादींचा पुरावा माणसांच्या आठवणीच्या टप्प्यापलीकडे गेला नाही. तळे नगरपालिकेकडे येण्याआधीच्या काळात कोणी कोणाला कोणत्या हक्काने अडवत होते, हे सिद्ध झाले नाही. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी अनादि वहिवाट शाबीत झाली नाही असे ठरवून अपील फेटाळले.

दुसऱ्या बाजूकडे मात्र तारखा होत्या. कौन्सिलाच्या ठरावाची तारीख, नगरपालिकेच्या ठरावाची तारीख, तळ्यावर गेल्याची तारीख. शतकानुशतके ज्यांचे नाव कागदावर चढू दिले गेले नाही, त्यांनी आपला हक्क दिवस-वार देऊन मांडला. आणि ज्यांच्या घरात पोथ्या-दफ्तरे होती त्यांना ‘अनादि’ या बिनतारखेच्या शब्दावर विसंबावे लागले. मला या खटल्यातली ही गोष्ट फार मोठी वाटते. २० मार्चला महाडात दर वर्षी लोटणारी गर्दी त्या स्थिर तारखेला धरून येते.

ही कागदपत्रे आज कोणी टंकून ठेवू लागला तर त्याला आणखी एक मोह होईल. त्यांत जिल्हा कुलाबा आहे. १ जानेवारी १९८१ पासून त्याचे नाव रायगड झाले. संगणकाला एक आज्ञा दिली की सगळे ‘कुलाबा’ पुसून ‘रायगड’ होतील, क्षणात. मग १९२७ सालच्या दाव्यात रायगड जिल्हा अवतरेल आणि शंभर वर्षांनी कोणी विद्यार्थी तो कागद बनावट म्हणून फेकून देईल. अद्ययावत करणे म्हणजे दर वेळी दुरुस्त करणे नव्हे.

बिनतारखेचे कागद

महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांत जा. तिथल्या लेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने लेणे कोरवून दिल्याचे सांगितले आहे. वर्ष नाही. मग अभ्यासक काय करतात? अक्षराचे वळण पाहतात. ब्राह्मीची कोणती वेलांटी कोणत्या शतकात कशी झाली, यावरून काळाचा अदमास बांधतात. दगडाने तारीख सांगितली नाही तरी अक्षर सांगते.

संगणकाची अक्षरेही सांगतात. २०१७ साली पाकिस्तानात पनामा प्रकरणाच्या चौकशीत फेब्रुवारी २००६ ची तारीख असलेले कागद पुढे आले. ते ‘कॅलिब्री’ या वळणात छापलेले होते, आणि ते वळण सर्वसामान्यांच्या हाती २००७ साली आले होते. कागदावरची तारीख एक बोलली, अक्षराने दुसरेच सांगितले. मराठीतही हे लागू पडेल. ‘मंगल’ हे वळण विंडोज २००० बरोबर आले, ‘कोकिला’ विंडोज ७ बरोबर. १९९७ ची तारीख घालून कोकिलामध्ये छापलेले मराठी पत्र कोणी दाखवले, तर त्याला नमस्कार करून उठावे.

संगणकाच्या कालगणनेला आपल्या मर्यादाही आहेत. एक्सेलमध्ये तारीख म्हणजे मुळात दिवसांचा आकडा. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस. २० मार्च १९२७ म्हणजे त्याच्या हिशेबी ९९४१. या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही धरलेला आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रणालीशी जुळावे म्हणून ती चूक मुद्दाम पुढे चालू ठेवली गेली. पण ६ जून १६७४ घाला; एक्सेलला ती तारीख म्हणून कळतच नाही, नुसती अक्षरे म्हणून पडून राहते. चवदार तळ्याचा दिवस त्याला मोजता येतो, राज्याभिषेकाचा येत नाही. शिवकाळावर काम करणाऱ्या तरुण मित्रांनी म्हणून तिथी, वार, सुहूर सन आणि इसवी तारीख यांचे चार निराळे रकाने ठेवावेत आणि संगणकाच्या पंचांगावर भिस्त ठेवू नये.

नक्कल

माझ्या अर्जाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. भाच्याने फाइल न जतन करता बंद केली. जतन केली असती तर शेवटच्या बदलाचा दिवसही मार्चचा झाला असता. मग तिचे गुणधर्म उघडून पाहिले. तिथे तयार झाल्याचा दिवस २६ जुलै २०२१ असा शाबूत होता. आम्ही फाइलची दुसरी प्रत केली, कोपऱ्यातल्या तारखेवर कर्सर नेऊन कंट्रोल-शिफ्ट-एफ ९ दाबले आणि ती सूचना मोडून साधी अक्षरे केली. करडी छटा गेली. आकडे आता कोणत्याही दिवशी उघडा, हलणार नव्हते. फक्त ते १४ मार्चचे होते.

तेवढ्यावर ‘१४ मार्च २०२३’ खोडून ‘२६ जुलै २०२१’ टंकता आले असते. ते खरेच ठरले असते, आणि कोणी विचारलेही नसते. पण हात धजला नाही. मागची तारीख घालून केलेल्या सनदा ओळखण्यात ज्याचे अर्धे आयुष्य गेले त्याने तेच करावे, हे बरे दिसेना. दस्ताचा कायदाही दोन दिवस वेगळे मानतो : सही झाल्याचा आणि नोंदला गेल्याचा. नोंदणीला सहीपासून चार महिने मिळतात; पण नोंदला गेलेला दस्त अमलात येतो तो नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, मूळ दिवसापासून.

म्हणून मी जुन्या कारकुनांची वाट धरली. कोपऱ्यात दोन ओळी लिहिल्या : ‘मूळ अर्ज, सोमवार, दि. २६ जुलै २०२१. ही नक्कल, मंगळवार, दि. १४ मार्च २०२३.’ वार मुद्दाम घातले; तारीख आणि वार जुळले की कागदाला दोन पाय येतात. ‘गेल्या गुरुवारी’ हे शब्द तसेच ठेवले आणि कंसात लिहिले : दि. २२ जुलै २०२१. या वेळी पोच घेतली. तिच्यावर शिक्का आहे, शिक्क्यात तारीख आहे आणि ती शाईची आहे. ती मी वरच्या मजल्यावर ठेवली आहे.